दुसरी वाट

पस्तीस वर्षं मी खाली मोजणी केली
इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीत.
आता तिथे पर्यटक उतरतात हेल्मेटं घालून,
आणि मी वर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
मोजतो येरित्साचे लेसचे नमुने:
चार हजार एकशे बारा.

काही तिच्या आईचे, तेलकट कागदावर,
काही मावशीचे, साखरेच्या पुड्यावर,
टाचण्यांनी भोसकून चाळण झालेले.
सगळा हिवाळा स्कॅन करत बसलो,
एक झाला की काच पुसायची, मग दुसरा.

ठेवले होते भाड्याच्या जागेत, कुठल्याशा कंपनीकडे,
समुद्रापलीकडे.
एका मंगळवारी पत्र आलं: जागा भरली, भाडं वाढलं,
सोबत नव्या अटी, सत्तावीस पानं.
येरित्सा म्हणाली, नमुने माझ्या आईचे
आणि भाडं मी भरायचं?

ल्युब्लियानाहून पुतण्या आला, टिलेन.
हुशार पोर. बिजागरी तुटलेल्या जुन्या लॅपटॉपवर
दोन रात्रींत त्याने अख्खं गाव वसवलं:
कॅलेंडर, गप्पांचा कट्टा, पाककृतींची वही,
माणसांचे चेहरे ओळखणारा एक पहारेकरी.
"आणि माझं फोल्डर?" येरित्साने विचारलं.
ते होतं, तिसऱ्या गल्लीत, डावीकडे.

तीन आठवडे चाललं.
मग एका रात्री गावाने स्वतःला अपडेट केलं
आणि सकाळी वेस उघडेना.
टिलेनचा फोन लागेना; परीक्षा होती त्याची.

खाणीत म्हातारे सांगायचे,
जो टेकू तुला बदलता येत नाही
त्याच्याखाली डबा उघडून बसू नकोस.

म्हणून मी यादी करायला घेतली.
स्वस्त हवं, जलद हवं, आवाज नको,
वीज कमी खावी, कुठूनही दिसावं,
आखूडशिंगी, बहुदुधी,
वर लाथ न मारणारी.
येरित्साने यादी पालथी घातली
आणि तिच्यावर बटाटे सोलले.

"मी इथे ठेवलं की इथेच सापडावं.
नाव मी दिलेलंच राहावं.
आणि तू नसलास तरी मला उघडता यावं."
शेवटचं ती बटाट्याला म्हणाली.

गाव पुसलं मी. दुपारभर लागली.
आता एकच फोल्डर, घरातल्या घरात वाटलेलं,
रस्त्याकडे दारच नाही.
गोथेनबर्गहून मुलगी म्हणाली, मग मी कसं बघायचं?
म्हटलं, ये की.
(हवा तो नमुना मेलने जातो तिला. पण म्हटलं, ये की.)

लॅपटॉप बुटांच्या कपाटात, वरच्या फळीवर,
कारण नदी वर्षाआड आमचा उंबरा ओलांडते.
आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी एक डिस्क खिशात घालून टेकडी चढतो,
दोरोतेयाच्या कोठीत, आंबवलेल्या सलगमांच्या मागे ठेवतो,
तिथली जुनी उचलून परत आणतो.
एकाच तोंडाच्या खाणीत
आम्ही कुणाला उतरू देत नव्हतो.

कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय,
सात ओळी, मोठ्या अक्षरात.
तिसरीपुढे येरित्साने पेन्सिलीने लिहिलंय: जरा थांब,
तो म्हातारा आहे.
लॅपटॉपबद्दलच, बहुधा.

काल सराव घेतला.
मी बाहेर लाकडांच्या पडवीत जाऊन उभा राहिलो,
नसल्यासारखा.
खिडकीतून दिसत होतं:
तिने दार उघडलं, कागदावर बोट फिरवलं,
थांबली. चष्मा पुसला. पुन्हा बोट.
प्रिंटर खोकला.
मग ती नमुना घेऊन गोल उशीशी बसली,
टाचण्या लावल्या,
आणि लाकडी कांड्या वाजू लागल्या, टक टक,
तिच्या आईचं पान उलगडत.

मला हाक मारायचं ठरलं होतं.
बर्फ भुरभुरत होता. बोटं बधिर.
कांड्यांचा हात बसत चालला होता,
आणि मी अजून उभा होतो पडवीत,
नसल्यासारखा,
हाकेची फारशी घाई नसलेला.